शंभर निळे ठिपके

आमच्या लॅबमधल्या उंदरांच्या जखमा भरत होत्या आणि बाबांच्या तळपायाची भरत नव्हती. त्या उन्हाळ्याचं आणि पाठोपाठच्या पावसाळ्याचं एका ओळीत सांगायचं तर एवढंच. पण एका ओळीत सांगून माझी सुटका होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी औषधनिर्माणशास्त्रात पीएचडी करते. माझा विषय पॅचचा. पोस्टाच्या तिकिटाएवढी चकती आणि तिच्या एका बाजूला शंभर सुया, दहाच्या दहा रांगा. सुया नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत. बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागतं, तेवढंच. या सुया विरघळणाऱ्या पदार्थाच्या असतात आणि औषध त्यातच कालवलेलं असतं. चकती जखमेवर दाबली की सुया वरच्या थरातून आत शिरतात, विरघळतात आणि औषध खाली, जिथे हवं तिथे सोडतात. मधुमेह असलेल्या माणसाच्या जखमेवर मलम कितीही चोपडलं तरी ते वरच्या वरच राहतं, म्हणून हा सगळा खटाटोप. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, दुखत असेल ना? नाही दुखत. आणि आमच्या बाबांच्या पायाला तर दुखणं म्हणजे काय तेच कळत नव्हतं.

बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. नाशिकहून जयपूरला बदली झाली तेव्हा मी चौथीत होते. तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि विद्याधर नगरात घर करून बसलो. बाबांनी नोकरीची शेवटची सगळी वर्षं क्लेमच्या विभागात काढली. कुणाचा क्लेम मंजूर करायचा आणि कुणाचा नाही, हे त्यांच्या टेबलावर ठरायचं. नामंजूर पत्रांतली त्यांची दोन वाक्यं आम्हाला घरी पाठ होती. एक, नियमात बसत नाही. दुसरं, विलंब दावेदाराकडून. मी शाळेच्या सहलीची चिठ्ठी शेवटच्या दिवशी दाखवली की ते चष्म्यावरून बघून म्हणायचे, "विलंब दावेदाराकडून." मग सही करायचे. माणूस कडक नव्हता, पण कागद कडक लागायचा.

जखमेची सुरुवात कुरडयांपासून झाली. जयपुरात वीस वर्षं राहूनही आईच्या कुरडया चुकलेल्या नाहीत. एप्रिल उलटला की गहू भिजत पडतात, चीक शिजतो आणि गच्चीवर जुन्या चादरी अंथरल्या जातात. इथे वाळवण घालायचं म्हणजे माकडांशी वैर घ्यायचं. आमच्या भागात ती टोळीने येतात, आणि त्यांना काय टाकावं आणि काय खावं याची आईपेक्षा जास्त समज आहे. त्यामुळे राखणीला बाबा. हातात काठी, जिन्याच्या तोंडाशी सावलीत खुर्ची. आईचा नियम असा की वाळवणाच्या आसपास चप्पल फिरकता कामा नये. गच्ची झाडून, पुसून घेतलेली असते, त्यावर खायची वस्तू असते, तिथे रस्त्यावरची चप्पल कशी चालेल? हा नियम आईच्या आईचा, आणि आमच्या घरात त्यावर कुणी कधी प्रश्न विचारला नव्हता.

तर बाबा दुपारभर अनवाणी. गच्ची दगडी पट्ट्यांची. मे महिन्यातल्या दुपारी तिच्यावर पाणी शिंपडलं तर ते दिसायच्या आत उडून जातं. माकड आलं की बाबा काठी घेऊन धावायचे, हाकलून परत सावलीत येऊन बसायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे. त्यांना भाजल्याचं कळलंच नाही. साखरेने पायांच्या नसा कधीच मारून टाकल्या होत्या, आणि ते आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. मला असायला हवं होतं. दिवसभर मी त्याच विषयावरचे शोधनिबंध वाचत होते.

संध्याकाळी बाबा खाली आले तेव्हा फरशीवर ओल्या पावलाचे ठसे उमटले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पाय पुसून यायला काय होतं? आत्ता फरशी पुसलीय." बाबांनी वाकून बघितलं. म्हणाले, "पाय तर कोरडेच होते." फक्त उजव्या पावलाचे ठसे ओले होते. अंगठ्याखालच्या उंचवट्यावरचा फोड फुटून त्यातलं पाणी येत होतं.

शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "भाईसाहब, चप्पल तो पहन लेते." आई उठून आत गेली. त्या वर्षीच्या कुरडया तिने कुणालाच तळून दिल्या नाहीत.

सर्जनने सांगितलं, दिवसाआड ड्रेसिंग, साखर ताब्यात आणि त्या पायावर वजन नाही. मुरलीपुऱ्यात मऊ तळाचे बूट करून देणारा एक कारागीर आहे, त्याच्याकडून बूट केला. एका पायात तो पांढरा ढब्बू बूट आणि दुसऱ्यात साधी चप्पल घालून बाबा घरात फिरायचे आणि मी ओरडले की म्हणायचे, "फिरत नाहीये, जागा बदलतोय." ड्रेसिंगला एक वयस्क कंपाउंडरजी घरी यायचे. ते सरळ माणूस, जखम बघून तोंडाने काही बोलायचे नाहीत. पण जून संपता संपता त्यांनी आमच्याकडचा चहा नको म्हणायला सुरुवात केली, आणि त्यावरूनच मला काय ते कळलं.

मी एक वेडेपणा करत होते. उंदरांच्या जखमेचे आम्ही फोटो काढतो, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे नंतर संगणकावर जखमेचं क्षेत्रफळ मोजता येतं. तसेच फोटो मी बाबांच्या पायाचे काढायला लागले. लॅबमध्ये कुणी नसलं की त्याच संगणकावर मोजायचे. आधी इंजेक्शन देऊन मधुमेह करायचा, मग पाठीवर जखम करायची, मग चकती लावायची, असा त्या उंदरांचा जन्म. ज्यांना औषधाची चकती लावली होती त्यांच्या जखमा दोन आठवड्यांत मिटत आल्या होत्या. गाइड सर खूश. मीही खूश व्हायला हवं होतं. त्या पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर नवी गुलाबी कातडी येताना बघून मला त्यांचा राग यायचा. खरंच यायचा. त्यांनी माझं काय घोडं मारलं होतं?

बाबा रोज विचारायचे, "काय म्हणतात आमचे भाऊबंद?" मी सांगायचे, तीन नंबरची भरली, सात नंबरची थोडी राहिली. ते मान डोलवायचे. एक दिवस त्यांनी विचारलं, "बरे झाले की त्यांना सोडता कुठे?" मी म्हटलं, "सोडत नाही. मारतो. जखमेखालचं मांस तपासावं लागतं." बाबा म्हणाले, "म्हणजे बरं होण्यातही फायदा नाही म्हणायचा." आणि स्वतःच हसले.

जुलैच्या सुरुवातीला त्यांनी थेट विचारलं. आई भाजी निवडत होती, आणि तिचा हात थांबला त्यावरून कळलं की हे दोघांनी मिळून ठरवलेलं आहे.

"तुझी ती चकती मला लावून बघता येणार नाही का?"

"नाही बाबा. माणसांवर अजून परवानगी नाही. आमची लॅब निर्जंतुक नाही. डोस किती तेसुद्धा ठरलेलं नाही."

"परवानगीला किती दिवस लागतात?"

"दिवस नाही, वर्षं."

"मी लिहून देतो ना. स्वतःच्या जबाबदारीवर, मतलब, कोर्टात जाणार नाही असं."

"नियमात बसत नाही," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं आणि मग मला कळलं मी काय बोलले ते. बाबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आलं," ते म्हणाले, "माझं पत्र मलाच आलं." आई हसली नाही. तिने मेथीची जुडी उचलली आणि ओट्याकडे गेली.

त्या दिवसानंतर मला घरात बसवेना. ज्या आजारावर मी औषध करते, तोच आजार समोर खुर्चीवर पाय टेकवून बसलेला आणि मी काहीही करू शकत नाही. लोक म्हणायचे, अरे वा, घरातच शास्त्रज्ञ आहे. मला वाटायचं याच्यापेक्षा मी बँकेत असते तर बरं झालं असतं.

बहुतेक त्याची भरपाई म्हणूनच मी ती डबी घरी आणली. बाबांना चकती निदान बघायची होती. औषधाच्या चकत्या मोजलेल्या असतात, त्यांची नोंद असते, त्या आणता येत नाहीत. पण सुया कातडीत नीट शिरतात की नाही हे तपासायला आम्ही काही चकत्या औषधाऐवजी नुसता निळा रंग घालून करतो. दाबून काढली की कातडीवर निळे ठिपके उमटतात, जितके ठिपके तितक्या सुया शिरल्या. अशा सरावाच्या दोन चकत्या उरल्या होत्या. ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीसकट त्या डबीत घालून मी आणल्या.

बाबांनी भिंग काढलं. गॅलरीतल्या उजेडात चकती धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले. रांगा मोजल्या. म्हणाले, "कारागिरी आहे." मला फार बरं वाटलं. पीएचडीच्या इतक्या वर्षांत माझ्या कामाकडे कुणी असं बघितलं नव्हतं.

"हेच ते औषध?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, "हेच ते."

का म्हटलं? रंगाचं समजावत बसायचा कंटाळा आला होता, हे एक. दुसरं म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक मला उतरवायचं नव्हतं. एका शब्दाचं तर काम होतं. डबी फ्रिजवर ठेवली आणि विसरून गेले.

पुढच्या आठवड्यात मला नमुने तपासायला अहमदाबादला जावं लागलं. तिथलं यंत्र आमच्याकडे नाही. पाच दिवस गेले. रोज फोन करायचे, बाबा म्हणायचे, "ठीक आहे, तू तुझं काम कर."

परत आले तेव्हा दुपार होती. पाऊस पडून गेला होता, कूलर सुरू होता आणि घरात सगळं दमट होतं. दारातच मला तो वास आला. जखमेचा वास मला ओळखता येतो, तेवढं तरी मी शिकले आहे. बाबा खुर्चीत बसले होते, चेहरा लालसर, पण खुशीत. पाय स्टुलावर. मला बघून त्यांनी आईला खूण केली आणि म्हणाले, "शंभरपैकी एकाहत्तर."

मला कळेना. मग त्यांनी पाय थोडा वळवला. जखमेच्या कडेच्या कातडीवर निळे ठिपके होते.

आईने लावल्या होत्या. मी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. एक मधोमध जखमेवर आणि एक कडेला. वरून प्लास्टिकची चिकटपट्टी गच्च बसवली, औषध उडून जाऊ नये म्हणून. कंपाउंडरजींना सांगितलं होतं, या आठवड्यात येऊ नका, घरी इलाज चालू आहे. तीन दिवस पट्टी काढलीच नव्हती. चौथ्या दिवशी कडेची चकती सोडवून बाबांनी भिंगाने ठिपके मोजले, मधली तशीच ठेवली.

मी वाकून बघितलं. ते ठिपके नव्हतेच धड. दमट हवेत सुया मऊ पडल्या होत्या, तळपायाच्या जाड कातडीत त्या शिरल्याच नव्हत्या, नुसता रंग वरून लागला होता. आणि त्याच्या पलीकडे अंगठा काळसर दिसत होता.

मी आईवर किती ओरडले ते लिहवत नाही. अडाण्यासारखं काय केलंस, कुणी सांगितलं होतं तुला, मला विचारायला फोन नव्हता का. आई ऐकून घेत उभी राहिली. मग म्हणाली, "तूच म्हणालीस ना, हेच ते? उंदरांना चालतं आणि बापाला चालत नाही? मीच त्यांना गच्चीवर बसवलं होतं. मी काय नुसती बघत बसू?"

"अगं पण त्यात..." मी म्हटलं आणि बाबांकडे लक्ष गेलं. ते माझ्याकडे बघत होते, निकालाची वाट बघावी तसे. त्यात औषध नव्हतं, नुसता रंग होता, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. एवढं बोलायचं होतं. मी म्हटलं, "त्यात जंतू असू शकतात. ते निर्जंतुक नव्हतं." तेही खरंच होतं म्हणा.

त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात भरती केलं. हाडापर्यंत पसरलं होतं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी सही मी केली. नंतर मी सर्जनला गाठून विचारलं, ते पाच दिवस ड्रेसिंग झालं असतं तर? ते चांगले डॉक्टर आहेत, घाईत नव्हते. म्हणाले, हाड आधीच बिघडलेलं असावं. वाचलं असतं असं सांगता येत नाही, आणि वाचलं नसतं असंही सांगता येत नाही. मी त्यांना चकतीत काय होतं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग निदान औषधाने काही वाईट झालं नाही." मला शिव्या दिल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

वॉर्डात बाबा शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट बोलले ती अशी, "बोटंच गेली ना? पाय गेला असता तरी सोय होती. या गावाच्या नावाचा पाय जगभर जातो." आई हसली आणि मग तोंडावर पदर धरून बाहेर गेली.

बाबा घरी आले त्याला पंधरा दिवस झाले होते. एका सकाळी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. पाय स्टुलावर, मांडीवर ऑफिसची एक जुनी डायरी. ती त्यांनी माझ्यापुढे धरली.

"तुमच्या उंदरांना लिहिता येत नाही," ते म्हणाले. "हे तुझ्या कामाला येईल."

त्यांच्या त्या सरळ, गोल अक्षरात नोंदी होत्या. पहिला दिवस: सकाळी दहा वाजता पॅच लावले, दोन नग. लावणारी पत्नी. वेदना नाही. दुसरा दिवस: जखमेत थोडी ऊब जाणवते, औषध काम करत असावं. बऱ्याच दिवसांनी उमेद वाटते. तिसरा दिवस: थोडा वास. थोडी कणकण. मुलीला फोनवर सांगितलं नाही, कामात आहे. चौथा दिवस: एक पॅच काढला. ठिपके एकाहत्तर. म्हणजे बहुतांश औषध आत गेलं. पाचवा दिवस: मुलगी आली. रागावली.

त्यानंतर काही पानं कोरी. मग दवाखान्यातून आल्यावरची तारीख आणि खाली रेघ मारून शेवटची नोंद होती.

"मला माहितीये, नियमात बसत नाही," बाबा म्हणाले. "पण तुझ्या सरांना दाखव. एक माणूस म्हणून तरी धरतील. नाहीतर ते म्हणायचे, औषधच चालत नाही. तुझी इतकी वर्षं त्यात गेली आहेत."

मला बोलायचं होतं. अजूनही वेळ होती. आई दाराशी येऊन उभी राहिली होती, हात पुसत. तिने गच्चीचा आणि त्या चकत्यांचा, दोन्हींचा भार स्वतःच्या डोक्यावर घेतला होता, आणि मी तोंड उघडलं तर त्यातला निम्मा उतरला असता. की तिच्या हातून नवऱ्याच्या पायावर नुसता रंग फासला गेला हे कळून वाढला असता? मला ठरवता येईना. आणि बाबांना काय सांगायचं? ती उमेद, ती ऊब, कशाची होती म्हणून?

बाबांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.

"इथे सही कर. पोच म्हणून. बिनसहीचा कागद चालत नाही."

मी ती ओळ वाचली. तिथे लिहिलं होतं: निष्कर्ष, औषधाचा दोष नाही. विलंब रोग्याकडून.

मी सही केली.